आपांनी न दाबलेलं बटण

संगणकाच्या पडद्यावर बारीक अक्षरांतला लांबलचक मजकूर आणि त्याखाली ‘मला मान्य आहे’ असं बटण आलं, की आपण सगळे मजकुराकडे न बघता बटण दाबतो. आपा खुर्ची पुढे ओढून घेत, पदराने चष्मा पुसत आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागत. वाचून संपलं की बऱ्याचदा दुसरं बटण दाबत, ‘मान्य नाही’चं. ते बटण दाबणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता. तसं बटण असतं, हेच आमच्या लॅबमध्ये अनेकांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

अमरावतीच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात त्या संगणकशास्त्र शिकवत आणि मी तिथे तासिका तत्त्वावर नुकतीच लागले होते. माझं माहेर दर्यापूर, वडील शाळामास्तर. आपा अकोटच्या, पिंजाऱ्यांच्या घरातल्या. वडील कापूस पिंजून गाद्या-रजया भरत, पुढे भावाने त्याच कामाचं दुकान टाकलं. त्या घरातली एक मुलगी गणितात एम.एस्सी. झाली, मग संगणकाकडे वळली आणि अमरावतीत एकटी खोली घेऊन राहिली. उंच, सडपातळ, सुती साडी, डोक्यावर पदर आणि पायांत पुरुषी चपला. विद्यार्थी त्यांना आपा म्हणत, सहकारी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा म्हणे. लग्न का केलं नाही, असं एकदा एका नव्या प्राध्यापिकेने चारचौघांत विचारलं. आपा शांतपणे म्हणाल्या, “निकाहनामा म्हंजे करारच असते, बेटा. एक आला होता. वाचला. नाई पटला.”

वर्गात त्या वऱ्हाडीतच शिकवत. पुण्याहून शिकून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाने त्यांची स्टाफरूममध्ये नक्कल केली, तर आपांनी त्याला बोलावून ती पुन्हा करायला लावली आणि दोन ठिकाणी सुधारली. “‘कावून’ म्हंताना असा आवंढा गियू नका सर, ताठ म्हना.” त्यानंतर त्याने नक्कल केली नाही.

त्या काळात आमच्या पट्ट्यात कापसाने घरंच्या घरं बुडवली होती. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी एकच गोष्ट ठरलेली असे, की पोराने शेतीत पाय ठेवायचा नाही. त्यामुळे संगणकाची डिग्री हे शिक्षण कमी आणि बाहेर पडायचं दार जास्त होतं. आणि त्या दारावर प्रोग्राम लिहायच्या एका भाषेचं नाव होतं. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत तीच भाषा असे. ती एका मोठ्या परदेशी कंपनीने तयार केली होती. ती संगणकाला समजावी म्हणून दुभाष्यासारखा एक प्रोग्राम लागतो, तोही कंपनीच फुकट देई. पण आमच्या लॅबच्या जुन्या यंत्रांवर तो धापा टाकत चाले. तो उघडून आत बघायचा नाही, बदलायचा नाही, अशी कंपनीची अट होती.

जगभरातली काही हौशी माणसं तेव्हा त्या भाषेसाठी दुसरा दुभाष्या लिहीत होती. सगळ्यांसाठी मोकळा, कोणीही उघडून बघावा असा. आपांना त्याचा पत्ता लागला आणि त्यांनी मदत करते म्हणून कळवलं. तिकडून उत्तर आलं ते एका प्रश्नासकट. कंपनीच्या संकेतस्थळावर भाषेचं नियमपुस्तक आहे. ते वाचण्यासाठी तुम्ही कंपनीच्या अटी कधी मान्य केल्या आहेत का? केल्या असतील तर क्षमा करा, तुमचं काम आम्हाला घेता येणार नाही.

आपा त्या उत्तरावर फार खूश झाल्या. हा प्रश्न विचारणारं कोणीतरी जगात आहे, याचाच त्यांना आनंद झाला. मग त्या कंपनीच्या संकेतस्थळावर गेल्या. नियमपुस्तकाच्या दारातच अटींचं पान होतं. त्या पानापर्यंत जायला हरकत नव्हती, त्याच्या पुढे जायचं तर बटण दाबावं लागे. आपांनी सगळ्या अटी वाचल्या आणि मला हाक मारून त्यांचा अर्थ सांगितला. तो मी पुढे किती तरी जणांना त्यांच्याच शब्दांत सांगितला आहे.

“समज, मी तुले रोडगे कराची रीत फुकट वाचाले देली. पन वाचल्यावर तू घरी रोडगे केले, तर ते माह्या मानसाकडून पास करून घ्याचे. तो कसा तपासते ते कोनाले सांगाचं नाई. मीठ कमी-जास्त कराचं नाई. अन् शेजारनीले वाढाचे नाई. मंग ती रीत घेऊन तू काय करशीन? भाषा बोलाले मोकयी अन् व्याकरन वाचाले कुलूप, हे कोन्या गावचं?”

त्यांनी ‘मान्य नाही’ दाबलं. तिकडे कळवलं, की मी वाचलेलं नाही आणि वाचणार नाही. मग नियमपुस्तक न वाचता त्या भाषेचे नियम शोधायचं काम सुरू झालं. बाजारात मिळणारी इतरांची पाठ्यपुस्तकं होतीच. पुस्तकांत जे नसे ते प्रयोगाने शोधायचं. आपा एखादं अवघड वाक्य त्या भाषेत लिहून देत. विद्यार्थी ते लॅबमधल्या कंपनीच्या प्रोग्रामवर चालवत आणि काय छापून आलं तेवढंच येऊन सांगत. कसं आलं, यावर आपांच्या समोर कोणी चकार शब्द काढायचा नाही. विलास नावाचा एक हुशार मुलगा होता, चांदूर बाजारचा. त्याने एकदा उत्साहाच्या भरात, “आपा, ते आतून असं करत असन बघा,” म्हणून सुरुवात केली, तर आपांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो बाहेर जाईपर्यंत काढले नाहीत.

त्यांच्या वाट्याला काम आलं होतं आपल्या लिपीचं. आपली नावं त्या भाषेत नीट लागावीत, अकारविल्हे यावीत, याचं. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, पण कंपनीच्या प्रोग्राममध्ये तो ‘ल’ला चिकटून बसवला होता. त्यामुळे कॉलेजच्या यादीत काळे आधी आणि कावरे नंतर येत. कोणाला त्याचं काही नव्हतं, खुद्द काळे-कावऱ्यांनाही नाही. आपा मात्र त्यावर पेटल्या. गंमत अशी, की बोलताना त्यांच्या तोंडी ‘ळ’ नव्हताच. त्या काळेला ‘काये’ म्हणत आणि डोळ्याला ‘डोया’. मी हसले तेव्हा म्हणाल्या, “मी कशी बोलतो तो माहा प्रश्न हाय. अक्षराले त्याची जागा भेटलीच पायजे.”

त्यांनी केलेला तो भाग तिकडच्या लोकांनी स्वीकारला, तेव्हा आपांनी लॅबमध्ये सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

आणि त्याच वर्षी कॉलेजला कंपनीचा प्रस्ताव आला. कंपनीच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र, नवी यंत्रं, प्रमाणपत्र आणि पुण्यातल्या नोकऱ्यांसाठी थेट मुलाखती. कॉलेजात दिवाळी असल्यासारखं झालं. अट एवढीच होती, की केंद्रात बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने नियमपुस्तकासकट सगळ्या अटी मान्य करून सही द्यायची. प्राचार्यांनी सह्यांचा कागद स्टाफरूममध्ये फिरवला. आपांनी तो पूर्ण वाचला आणि सही न करता पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारावर एक मोठा कागद चिकटवलेला होता. कंपनीच्या अटींचं मराठी भाषांतर, आपांच्या सुवाच्य अक्षरात. वर लिहिलं होतं, ‘सही करण्याआधी वाचा.’ मुलं दाराशी गर्दी करून वाचत होती. मला आठवतं, कोणी चिडलं नव्हतं. आपण कशाला हो म्हणणार आहोत हे पहिल्यांदा कळल्याचं एक नवल होतं. प्राचार्यांनी कागद काढायला लावला आणि आपांना विचारलं, की भाषांतर करायची कंपनीची परवानगी घेतली होती का. आपांनी विचारलं, “अटी सांगाले बी परवानगी लागते का, सर?” संध्याकाळी नवा कागद लागला. तो काढला की दुसरा. शेवटी शिपायाने काढायचंच सोडून दिलं.

विलासचे वडील याच सुमारास कॉलेजात आले. ते चांदूर बाजारला एस.टी.चे चालक होते. ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आले होते. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं, की एक बाई केंद्र होऊ देत नाही आणि तुमचा पोरगा तिच्या नादी लागला आहे. ते आपांसमोर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. घरात दोन भाऊ, वावर विकून झालेलं, हा एक पोरगा बाहेर पडू शकतो. मॅडम, त्याचं नुकसान करू नका.

आपांनी विलासला बोलावून घेतलं आणि वडिलांसमोर विचारलं, “मी तुले काय सांगतलं होतं?”

विलास खाली बघत म्हणाला, “सही कर म्हणून.”

“मंग केली कावून नाई?”

आपा त्याच्या वडिलांकडे वळल्या. “भाऊ, माही लढाई मी पोराईच्या डोक्यावर ठेवत नाई. तो सही करन, पुन्याले जाईन. फक्त त्या दिवसापासून माह्या कामाले हात लावनार नाई. तो वाईट म्हून नाई. त्यानं तिकडं जबान देली म्हून.” विलासने तिथेच सही केली. वडिलांनी आपांना हात जोडले. विलासच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आपांनी त्याला रडतोस काय म्हणून दटावलं.

केंद्राच्या उद्‌घाटनाला पुण्याहून कंपनीचे एक अधिकारी आले होते. सभ्य, तरुण, चांगलं मराठी बोलणारे. भाषण झाल्यावर शिक्षकांची बैठक झाली. प्राचार्यांनीच विषय काढला, की आमच्या एका मॅडमना शंका आहेत. अधिकारी हसून म्हणाले, “मॅडम, या सगळ्या औपचारिक गोष्टी असतात. अमरावतीला येऊन कोण तपासणार आहे?”

आपा उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांचा आवाज चढला नाही, उलट वर्गात असे त्याहून खाली आला.

“तुमी तपासनार नाई म्हून मी सही करू? सही केली तर मीच तपासीन ना, साहेब. मी देलेली जबान पायतो, म्हून देन्याआधी वाचतो. तुमाले वाटते, तुमची भाषा साऱ्या जगानं बोलावी. बोलू की. आमची पोरं बोलून राहिली. पन तिचे नियम वाचले म्हून मानूस जन्मभर तुमचा बांधील, त्यानं सोताच्या डोक्यानं काई केलं तर ते बी तुमाले इचारून वाटाचं, हे मले मान्य नाई. तुमी जे पायाले लावनार नाई ते लिहिता कावून? अन् लिहिलं हाय तर मी ते मस्करी कशी समजू?”

अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला आणि अटी बदलायचा अधिकार आपल्याला नसल्याचं सांगितलं. आपा म्हणाल्या, “मंग ज्याले हाय त्याले सांगा, अमरावतीत एका बाईनं नाई म्हटलं.” आणि खाली बसल्या. एक हात त्यांनी टेबलाखाली माझ्या हातात दिला आणि बैठक संपेपर्यंत काढला नाही.

त्यांच्याकडून लॅबची किल्ली काढून घेण्यात आली. राजीनामा द्या, असं थेट कोणी म्हणालं नाही, सुचवलं मात्र अनेकांनी. आपांचं उत्तर ठरलेलं होतं. “काढून टाका, पन कागदावर कारन लिहा.” कारण काय लिहिणार? अटी वाचल्या, असं? व्यवस्थापनाला ते कधीच लिहिता आलं नाही. मग त्यांना पहिल्या वर्षाचे तास आणि ग्रंथालयातला एक कोपरा दिला. आपांनी स्वतःचा जुना संगणक ऑटोत घालून आणला आणि त्या कोपऱ्यात मांडला. आधी प्राचार्यांच्या खोलीसमोरून, मग त्याहून लांबच्या वाटेने, मुद्दाम सगळ्या कॉलेजातून तो संगणक गेला. पडदा माझ्या हातात होता. मीही सही केली नव्हती. मला कोणी सांगितलं नव्हतं, आपांनी तर उलटच सांगितलं होतं. पण त्या बैठकीत तो हात हातात धरल्यावर माझ्याने ती झाली नाही. पुढच्या वर्षी माझे तास बंद झाले. मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात लागले आणि कामावरून सुटल्यावर ग्रंथालयाच्या त्या कोपऱ्यात जात राहिले.

काही वर्षांनी आपांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. आईची तब्येत बिघडली होती म्हणून. कॉलेजला कंटाळून नाही, हे त्या प्रत्येकाला बजावून सांगत. अकोटला भावाच्या दुकानावर एक माळा होता, तिथे त्यांनी बस्तान मांडलं. खाली पिंजण्याचं यंत्र चाले आणि वर कापसाची बारीक लव उडत येई. दर थोड्या दिवसांनी संगणकाचा पंखा उघडून ती काढावी लागे. रविवारी मी एस.टी.ने जायची. इंटरनेट इतकं हळू, की एक पत्र जाईस्तोवर वहिनींचा चहा होई. त्या माळ्यावरून आपा कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी भांडत. हो, भांडतच. कोणाचं काम चुकलं तर त्या ते परत पाठवत, आणि का ते तपशिलात लिहीत. इंग्रजी लिहितानाही त्यांची वाक्यं वऱ्हाडीसारखीच आखूड असत.

मग एके दिवशी बातमी आली, की कंपनीने सगळं खुलं केलं. नियमपुस्तकही, दुभाष्याही. अटी बदलल्या. मी बँकेतून धावत बाहेर येऊन आपांना फोन लावला. विलासचाही पुण्याहून मला फोन येऊन गेला होता. मी म्हटलं, आपा, आपण जिंकलो. त्यांनी विचारलं, “नव्या अटी काय हायेत?”

त्यांनी त्या वाचल्या. दोन दिवस घेतले. रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझ्यासमोर ‘मान्य आहे’ दाबलं. म्हणाल्या, यात देवाणघेवाण बरोबरीची आहे, आता नाही म्हणायचं काही कारण नाही. आणि इतक्या वर्षांनी त्यांनी ते नियमपुस्तक उघडलं. त्या ते अधाशासारखं वाचत होत्या. मध्येच हसत होत्या, इथे आपण बरोबर होतो म्हणून. मध्येच कपाळावर हात मारत होत्या. त्यांच्या मोकळ्या दुभाष्याची आता जगाला तेवढी गरज उरणार नव्हती. ती मंडळी हळूहळू पांगणार, हे दोघींनाही कळत होतं. मी तसं बोललेसुद्धा. आपांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “आपला दुभाष्या बाहेर उभा होता, म्हून कंपनीवाल्याईनं दार उघडलं. त्याचं काम झालं. आता ‘ळ’चं पाहू.”

कारण कंपनीच्या खुल्या झालेल्या कामातही ‘ळ’ चुकीच्याच जागी होता. आपांनी तिथे तक्रार नोंदवली. समोरून जो माणूस उत्तर देई तो कंपनीचाच होता आणि तोही चिवट होता. त्याचं म्हणणं, की बदल केला तर जुन्या याद्या बिघडतील. आपांचं म्हणणं, की त्या आधीच बिघडलेल्या आहेत. हा वाद चालू असतानाच त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. उपचार अकोल्याला झाले. दवाखान्यातही त्या माझ्याकडून उत्तरं लिहवून घेत. ऑपरेशनच्या संमतिपत्रावरही त्यांनी सही केली ती पूर्ण वाचून, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून. त्या पावसाळ्याच्या शेवटी आपा गेल्या.

मी अकोटला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. चौथ्या दिवशी भाईंनी, म्हणजे त्यांच्या भावाने, मला वर माळ्यावर नेलं. संगणक चालू होईना, मी पंखा साफ केला, मग झाला. तिकडच्या मंडळींना मी बातमी कळवली होती, त्यांची पत्रं येऊन पडली होती. भाई म्हणाले, वाचून सांगा. मग वहिनी वर आल्या, शेजारच्या बायका आल्या, दाटीवाटीने बसल्या, आणि मी ती पत्रं एकेक करून वऱ्हाडीत सांगत गेले. या घराला आपा ‘काहीतरी कॉम्प्युटरचं’ करतात एवढंच माहीत होतं. एकाने लिहिलं होतं, की आपांनी त्याचं काम इतक्या वेळा परत पाठवलं, की शेवटी तो चांगलं लिहायला शिकला. वहिनी रडता रडता म्हणाल्या, “तिकडं बी अशीच होती का?”

एक पत्र कंपनीतल्या त्या चिवट माणसाचं होतं. अगदी छोटं. त्याने लिहिलं होतं, की आम्ही कधी भेटलो नाही. एका अक्षरावरून आमचा वाद चालला होता आणि तो अर्धवट राहिला, याचं वाईट वाटतं. त्या कुठल्या होत्या, हे मी कधी विचारलंच नाही, सांगाल का?

भाई बोलणारे नव्हते. चार दिवसांत मी त्यांच्या तोंडून चार वाक्यं ऐकली नव्हती. त्यांनी ते पत्र मला पुन्हा वाचायला लावलं. मग भिंतीला टेकून बसलेले ते सरळ झाले आणि म्हणाले, “त्याले लिहा. अकोटची होती. पिंजाऱ्याची पोरगी होती. अन् वाद अजून मिटला नसंन, तर पुढचं आमाले कळवा.”

मी तसंच लिहिलं.